फ्रान्सच्या खेड्यातलं जुनं घर: ओल, चुना आणि चार वर्षांचा हिशोब

रानजाई

मागच्या महिन्यात दुसऱ्या एका धाग्यावर सहज लिहून गेले की आम्ही फ्रान्समध्ये एका पडक्या घराची चार वर्षं डागडुजी करतोय, आणि तेव्हापासून व्यनिंना (व्यक्तिगत निरोपांना) उत्तरं देऊन बोटं दुखली. म्हणून हा वेगळा धागा. स्वप्नाळू फोटो बघायला आलेल्यांनी इथूनच परतावं. इथे मुख्यतः ओल आहे.

घर क्रूझमध्ये आहे. क्रूझ म्हणजे मध्य फ्रान्समधला एक जिल्हा, जहाजाची सफर नव्हे. आम्ही नोकरीसाठी क्लेरमाँ-फेराँला असतो, तिथून गाडीने दीड तास. जवळचं नाव घेण्याजोगं गाव ओब्यूसाँ, गालिच्यासारख्या विणलेल्या भिंतचित्रांसाठी प्रसिद्ध असलेलं. घरं स्वस्त, कारण माणसंच नाहीत. १८५१ च्या सुमारास या जिल्ह्याची लोकसंख्या पावणेतीन लाखांच्या वर होती, आज ती सव्वा लाखाच्याही खाली आहे. इथली जमीन दगडाळ, पोट भरेना, म्हणून पुरुष गवंडीकामाला पॅरिसला जायचे. वसंतात निघायचे, थंडी पडायच्या सुमारास परत यायचे, मागे शेती बायका बघायच्या. आजचं पॅरिस ज्या रुंद रस्त्यांसाठी आणि दगडी इमारतींसाठी मिरवतं, त्यात क्रूझच्या गवंड्यांचे हात मोठ्या प्रमाणावर लागलेत. मार्तिन नादो नावाचा इथला मुलगा १८३० मध्ये चौदाव्या वर्षी बापाबरोबर चालत पॅरिसला गेला, गवंडी झाला आणि पुढे १८४९ मध्ये संसदेत निवडून आला. नंतर हंगामापुरते जाणारे तिकडेच राहायला लागले आणि गावातल्या घरांना कुलपं लागली. मी रत्नागिरीची. मला हे कोणी समजावून सांगायची गरज पडली नाही.

आमचं घर साधारण १८७० च्या आसपासचं. ग्रॅनाइटच्या ६० सेंटीमीटर जाड भिंती, खाली दोन खोल्या, वर दोन, त्यावर माळा, आणि एकाच आढ्याखाली लागून गोठा. तुळया ओक आणि चेस्टनटच्या. चेस्टनटच्या लाकडावर कोळी जाळं करत नाहीत असं इथे सगळे ठामपणे सांगतात. आमच्या कोळ्यांना हे अजून कळलेलं नाही.

किंमत ४२ हजार युरो. त्यावर नोतेरचा खर्च. नोतेर म्हणजे सरकारने नेमलेला दस्तऐवज करणारा अधिकारी. जुन्या घराला त्याचे साधारण सात-आठ टक्के जातात, आणि त्यातला बहुतेक पैसा कराच्या रूपाने सरकारकडे जातो. आधी करारनामा, त्यानंतर घेणाऱ्याला १० दिवस विचार बदलायची मुभा, मग दोन-तीन महिन्यांनी खरेदीखत. करारनाम्याबरोबर तपासण्यांचं एक जाडजूड बाड हातात पडतं. घर १९४९ च्या आधीचं असेल तर रंगातलं शिसं, बांधकाम परवाना जुलै १९९७ च्या आधीचा असेल तर ॲस्बेस्टॉस, वायरिंग १५ वर्षांहून जुनं असेल तर तेही, शिवाय संडासाची टाकी. हे बाड लोक वाचत नाहीत. आम्हीही वाचलं नाही. घर घेतलं त्या रात्री नवरा वाचायला बसला आणि पहाटे तीनला मला उठवून म्हणाला, "गोठ्याचं छप्पर ॲस्बेस्टॉसचं आहे."

आता मुख्य गोष्ट. स्वयंपाकघराची उत्तरेकडची भिंत कमरेपर्यंत ओली. रंगाचे पोपडे, त्याखाली पांढरे क्षार, आणि बंद ट्रंकेसारखा वास. ओल काढणाऱ्या एका कंपनीचा माणूस आला, भिंतीला यंत्र लावलं, मान हलवली. भिंतीत भोकं पाडून रसायन भरायचे ९ हजार युरो सांगितले आणि आज सही केली तर सूट. आम्ही पेन काढलंच होतं.

वाचवलं शेजारच्या आजोबांनी. वय ८१, आयुष्यभर गवंडीकाम केलेलं. त्यांनी भिंतीकडे पाहिलंच नाही. घराबाहेर गेले आणि वर बघत उभे राहिले. पन्हाळ एका जागी तुटली होती आणि छपराच्या एका अंगाचं सगळं पाणी नेमकं त्या भिंतीच्या पायाशी पडत होतं. मग त्यांनी काठीने जमीन टोकरली. शंभर-दीडशे वर्षांत बाहेरची माती साचत साचत आतल्या जमिनीपेक्षा हातभर वर आली होती. आणि भिंतीला आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा, साधारण १९७० च्या दशकातला. ते म्हणाले ते मराठीत असं सांगता येईल: पावसात माणसाला भिजवायचं, वर रेनकोट चढवायचा आणि मग विचारायचं की अंग का सुकत नाही.

नवी पन्हाळ ६०० युरोत झाली. माती आम्ही दोघांनी फावड्याने काढली, तीन शनिवार-रविवार. अगदी पायालगत खोल चर मात्र खणू दिला नाही त्यांनी. या घरांना पाया असा जवळजवळ नसतोच, भिंत थेट जमिनीत हातभर गेलेली असते. चर भिंतीपासून दीड-दोन मीटर लांब. मग छिन्नी-हातोडा घेऊन सिमेंट उतरवलं. त्यानंतर जे केलं ते सगळ्यात अवघड: काहीच केलं नाही. एक अख्खं वर्ष भिंत उघडी ठेवली आणि सुकू दिली. येणारा-जाणारा विचारायचा, काम थांबलं का?

दुसऱ्या वर्षी दगडांमधल्या दर्जा, म्हणजे सांध्यांच्या फटी, चुन्याने भरल्या, वर चुना-रेतीचा गिलावा. आज ती भिंत कोरडी आहे. अगदी खालची वीतभर सोडून, पण ते पुढे कधीतरी.

एकूण खर्च आतापर्यंत: नोतेर धरून खरेदीचे ४५ हजार वगैरे, आणि वर दुरुस्तीचे ७१ हजार. सगळ्यात मोठा आकडा छपराचा, २६ हजार. आता विचारा काय ते.

---

शेवगा

वाचताना मजा आली. फोटो टाका की! आणि एक बाळबोध प्रश्न, युरोपात एक युरोत घर मिळतं म्हणतात ते खरं का? मग ४२ हजार कशाला दिले?

---

रानजाई

शेवगा, फोटो टाकते, सध्या सगळ्या फोटोंत धूळच दिसतेय.

एक युरोवाली घरं इटलीत जास्त. फ्रान्समध्ये रुबे या उत्तरेकडच्या शहराने अशी योजना काढली होती, पण ते गिरणगाव आहे, खेडं नव्हे. आणि एक युरो ही फक्त प्रवेश फी. ठरावीक मुदतीत घर दुरुस्त करायचं, स्वतः तिथे राहायचं, अशा अटी असतात. फुकट हत्ती मिळाला तरी चारा आपलाच.

---

इंजिनेर_बाबा

लेख छान, पण सिमेंटला उगाच खलनायक केलंय. ३० वर्षं बांधकामात काढली. चांगलं वॉटरप्रूफिंग, जोत्याला ओलरोधक थर आणि योग्य प्रमाणातलं प्लास्टर असेल तर ओल येत नाही. जुनं ते सोनं हा आपला राष्ट्रीय आजार आहे.

---

चिरेबंदी

बाबा, तुम्ही म्हणताय ते नव्या घराला लागू आहे. ओलरोधक थर बांधतानाच घालावा लागतो. जुन्या दगडी भिंतीत तो नाही, आणि ती भिंत त्याशिवाय टिकेल अशाच हिशोबाने रचलेली असते. जमिनीतून थोडी ओल वर चढणार, दर्ज्यांतून बाहेर पडणार. सांधा दगडापेक्षा मऊ हवा, म्हणजे झीज सांध्याची होते, आणि सांधा वीस-तीस वर्षांनी परत भरता येतो. सिमेंटने सांधा दगडाहून घट्ट केलात की पाणी दगडातून वाट काढतं आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. ग्रॅनाइट एक वेळ सोसेल, चुनखडीचा किंवा आपला जांभा दगड नाही सोसत.

मी वाड्यांच्या दुरुस्तीची कामं करतो. आपल्याकडे चुना महिनोन्महिने पाण्यात विरवायचे, घाणीवर (चुना मळायच्या चक्कीवर) मळायचे, त्यात गूळ, बेलफळ, हिरडा असं काय काय पडायचं. आज घाणी दाखवली तर मुलं विचारतात, तेलाची का?

गंमत म्हणजे सिमेंटच्या जन्मातही फ्रान्सच आहे. लुई विका नावाचा इंजिनिअर सुइयाक गावी दोर्दोन्य नदीवर पूल बांधत होता. चुना पाण्याखाली का घट्ट होतो, हे त्याने १९ व्या शतकाच्या दुसऱ्या दशकात प्रयोग करून शोधलं. आधुनिक सिमेंटची वाट तिथून निघते.

रानजाई, चुना कुठला वापरलात?

---

रानजाई

चिरेबंदी, भिंतीला नैसर्गिक जलीय चुना, म्हणजे पाण्यातही घट्ट होणारा, इथे गोणीवर ३.५ लिहिलेला मिळतो. आतल्या शेवटच्या पातळ थराला २ चा किंवा साधा हवेत घट्ट होणारा. आकडा ताकदीचा. दुकानदार ५ चा गळ्यात मारायला बघतो, "मजबूत आहे बाई" म्हणून. आजोबा म्हणाले, मजबूत हवा असेल तर सिमेंटच घे ना. रेती मात्र गावाजवळच्या खाणीची. गिलाव्याला रंग चुन्याचा नसतो, रेतीचा असतो. दुसरीकडची रेती घातली की घर गावात पाहुण्यासारखं दिसतं.

आणि पारा ५ अंशांखाली गेला की चुन्याला हात लावायचा नाही. क्रूझमध्ये याचा अर्थ ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत सुट्टी. डोळ्यांना चष्मा, हातात मोजे. मी पहिल्या दिवशी मोजे नकोत म्हणाले, आठवडाभर भांडी नवऱ्याने घासली.

बाबा, राग नसावा. गोठ्याच्या नव्या पायऱ्या सिमेंटच्याच आहेत.

---

नागपुरी_तर्री

मी जरा तिखट लिहितो. युरो शंभराने गुणला तर तुमचे एक कोटी सोळा लाखांच्या आसपास गेले. मातीत. विकायला काढलं तर किती येतील? आणि दुसरं, रागावू नका: वाडवडिलांचं घर तिकडे कोकणात पडत असेल, आणि तुम्ही परक्या मुलखात दुसऱ्याच्या वाडवडिलांचं घर उभं करताय. आमच्या घरी याला हौस म्हणतात, आणि हौसेला मोल नसतं हे मान्य. पण निदान तसं म्हणा.

---

बोरकूट

तर्री, इतकं तिखट नको हो सकाळी सकाळी.

बाकी भिंतीला उबेसाठी काय लावलंत? थर्माकोल?

---

रानजाई

आधी बोरकूट. थर्माकोल आणि काचेची लोकर दोन्ही नाही लावली. जाड दगडी भिंतीला आतून काचेची लोकर आणि वर जिप्समचा बोर्ड लावला की आतली दमट हवा मागच्या गार दगडापर्यंत पोहोचते, तिथे तिचं पाणी होतं आणि बुरशी बोर्डामागे गुपचूप वाढते. आम्ही चुन्यात ताग-अंबाडीसारखे दिसणारे भांगेच्या खोडाचे तुकडे कालवून सात सेंटीमीटरचा थर दिला. हो, भांगच. युरोपात सगळ्यात जास्त भांग फ्रान्स पिकवतो, पण नशेचा अंश ०.३ टक्क्यांच्या आत असलेली. होळीला उपयोग शून्य. ती ऊब आतून येते असं नाही, पण भिंतीला पाठ टेकली तर आता गार लागत नाही. थंडीतला खरा आधार चुल्हाण, म्हणजे लाकडाची शेगडी. लाकूड इथे स्तेरने मिळतं. एक स्तेर म्हणजे मीटरभर लांबीच्या ओंडक्यांचा एक घनमीटर ढीग. तेच ओंडके अर्ध्या मीटरचे करून रचले की ढीग ०.८ घनमीटर भरतो. मी पहिल्या वर्षी लाकूडवाल्याशी यावरून भांडले आणि नंतर माफी मागितली.

आता तर्री. विकलं तर गेलेल्यातले निम्मेही येणार नाहीत. हे मला घेताना माहीत होतं. हौसच आहे, म्हणते.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर दोन दिवस लिहीत होते आणि खोडत होते. आमच्या गावच्या घराच्या कागदावर २३ नावं आहेत. त्यातली सहा माणसं वारलीत, त्यांच्या वारसांची नोंद नाही. मी २०१४ मध्ये फक्त कौलं शेकारायला पैसे देते म्हटलं. "म्हणजे उद्या हक्क सांगणार का?" असं एका चुलत्यांनी विचारलं. पैसे परत घेतले.

क्रूझचं घरही चार भावंडांचं होतं. नेपोलियनच्या १८०४ च्या संहितेपासून इथे मुलांना वारसाहक्कातून सहजी वगळता येत नाही, त्यामुळे इथेही घरं वर्षानुवर्षं सामाईक पडून राहतात. आमच्या घराचंही तसंच झालं होतं, म्हणून तर ओल वाढली. फरक इतकाच की नोतेरने चौघांना गाठलं, कॅनडातल्या बहिणीकडून मुखत्यारपत्र मागवलं आणि सही झाली. मला इथे कोणी विचारलं नाही की तू कोण.

---

शेवगा

🙏

---

इंजिनेर_बाबा

वाटणीचा दावा आपल्याकडेही लावता येतो की. कोणीही सहहिस्सेदार लावू शकतो.

---

रानजाई

लावता येतो. कोणावर लावू? त्या घराच्या एका खोलीत माझी ७८ वर्षांची काकू राहते. तिच्यावर?

---

कडीपत्ता

मी तुलूझला आहे, पाच वर्षं झाली. आम्हीही असं काहीतरी बघतोय, सुट्टीला भाड्याने देता येईल असं. परवानग्या किती लागतात? कामगार कसे निवडायचे? आणि घर घेतलं की राहण्याचा परवाना सोपा होतो का?

---

रानजाई

शेवटचं आधी: नाही. घराचा आणि राहण्याच्या परवान्याचा काही संबंध नाही.

परवानगी गावच्या मेरीतून, म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीसारख्या कार्यालयातून. घराचं बाहेरचं रूप बदलणार असेल, खिडकी, दार, रंग, छपराचं साहित्य, तर आधी कळवायचा अर्ज. महिन्यात उत्तर येतं. जवळ संरक्षित वास्तू असेल तर दोन महिने, कारण ५०० मीटरच्या परिघात सरकारी वास्तुविशारदाचं मतही घ्यावं लागतं. आमच्या गावचं चर्च संरक्षित आहे. प्लॅस्टिकच्या खिडक्या नामंजूर झाल्या, लाकडीच लावा. तेव्हा मी चरफडले. नंतर कळलं, घट्ट बसणाऱ्या नव्या खिडक्या लावून हवा खेळायची सोय न केल्याने शेजारच्या गावातल्या एका घरात काळी बुरशी आली. आता मी नामंजूर करणाऱ्या त्या सरकारी वास्तुविशारद बाईंचे आभार मानते, मनातल्या मनात. दुरुस्ती-वाढ धरून एकूण क्षेत्र १५० चौरस मीटरच्या पुढे जाणारं आणि परवाना लागणारं काम असेल तर वास्तुविशारद सक्तीचा. अर्ज करण्याआधी जिल्ह्याच्या वास्तुसल्ला केंद्रात जा. त्याचं लघुनाव CAUE, सल्ला फुकट असतो आणि चांगला असतो. आणि त्याहून आधी सरपंचांना, म्हणजे मेयरना, भेटून या. बारा ते दोन सोडून. त्या वेळात फ्रान्समध्ये काही होत नाही.

कामगारांचा धडा आम्ही पैसे मोजून शिकलो. पहिल्या छपरावाल्याने ४० टक्के आगाऊ घेतले आणि पुढच्या सात महिन्यांत तीन शिड्या आणून ठेवल्या. सही करण्याआधी दहा वर्षांच्या हमीच्या विम्याचा कागद मागा. १९७८ च्या कायद्याने तो विमा बांधणाऱ्याला सक्तीचा आहे. नुसता कागद बघू नका, त्यावर तुमचं काम लिहिलंय का ते बघा. रंगाऱ्याचा विमा छपराला चालत नाही. कर दोन वर्षांहून जुन्या घराच्या दुरुस्तीला १० टक्के, ऊर्जा वाचवणाऱ्या कामाला ५.५, पण कामगाराने सामान आणून लावलं तरच. स्वतः दुकानातून आणलंत तर २०.

भाड्याचं म्हणाल तर ऊर्जेच्या श्रेणीचा दाखला बघा. श्रेणी A ते G, G सगळ्यात वाईट. G श्रेणीची घरं १ जानेवारी २०२५ पासून नव्याने कायमच्या भाड्याने देता येत नाहीत, F ची पाळी २०२८ ला. स्वस्त दगडी घरं बहुतेक याच दोन अक्षरांत असतात.

आणि संडासाची टाकी. खेड्यात गटार नसतं. टाकी नियमात बसत नसेल तर खरेदीनंतर वर्षात ती बदलायची जबाबदारी घेणाऱ्याची. आमचे साडेनऊ हजार त्यात गेले. किंमत ठरवतानाच हे कापून घ्या. आम्ही बाड वाचलं नव्हतं हे वर सांगितलंच आहे.

---

चिरेबंदी

ॲस्बेस्टॉसचं काय केलंत? आपल्याकडे ज्याला सगळे सिमेंटचा पत्रा म्हणतात तेच ना?

---

रानजाई

तेच. फ्रान्समध्ये १९९७ पासून बंदी. पत्रा अखंड असेल आणि त्याला कोणी हात लावत नसेल तर तो तसा शांत असतो. कापला, घासला, फोडला की धोका. आम्ही अजून तसाच ठेवलाय, खाली मुलांना जाऊ देत नाही. काढणाऱ्यांचा आकडा ऐकून गोठ्याचं दार लावून घेतलं.

---

दापोलीकर_काकू

रानजाई, मी एरवी नुसती वाचते. आमचं घर जांभ्याचं, सासऱ्यांच्या वडिलांनी बांधलेलं. २००९ मध्ये मुलांनी बाहेरून सिमेंट केलं, छान दिसायला लागलं. आता दोन पावसाळे देवघराची भिंत आतून फुगलीय आणि चिऱ्याची लाल भुकटी गळते. गवंडी म्हणतो वरून अजून एक वॉटरप्रूफचा हात मारू. मारू का?

---

चिरेबंदी

काकू, नका मारू. भुकटी गळतेय म्हणजे दगड आतून सुटतोय.

---

रानजाई

काकू, गवंड्याला आठवडाभर थांबवा. आता पाऊस आहे ना तिकडे? छत्री घेऊन देवघराच्या मागच्या बाजूला जा आणि दहा मिनिटं उभ्या राहा. भिंतीकडे नको, वर बघा. कौलांवरून येणारं पाणी कुठे पडतंय, जोत्याला लागून उडतंय का, आणि मागे अंगणाची माती जोत्याच्या किती वर आलीय. तुमच्याकडे निदान जोतं आहे, आमच्या घराला तेही नाही. जे दिसेल ते इथे लिहा. मग चिरेबंदी सांगतील सिमेंट कुठून उतरवायला घ्यायचं ते.

---

दापोलीकर_काकू

गेले होते. मागे नातवाने बाथरूमच्या गरम पाण्याचा बंब बसवलाय, त्याचा पाइप थेट भिंतीवर सोडलाय. रोज सकाळी.

---

इंजिनेर_बाबा

काकू, पाइप आजच वळवून घ्या. सिमेंटचं नंतर भांडू.